एका जुन्या अंकातला हात

मिरजेला आत्याच्या घरी मी तीन वर्षं राहिले. दोनच खोल्यांचं घर, पण त्यात कसला ना कसला आवाज नाही असा तास जायचा नाही. सकाळी आत्याच्या भाकरी थापण्याचा आवाज, त्याच्या मागून स्टेशनाकडं डबे जोडतानाचा दणका, आणि दहाच्या सुमाराला पलीकडच्या गल्लीतल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. तो कारागीर तार छेडायचा, थांबायचा, काहीतरी हलवायचा, पुन्हा छेडायचा. पहिले सहा महिने मला त्याचा वैताग यायचा. नंतर एखादा दिवस कारखाना बंद असला की घर रिकामं वाटायला लागलं. आत्या शाळूच्या भाकरी करून दवाखान्यांत पेशंटच्या सोबत राहिलेल्या माणसांना द्यायची. सोबत पातळ आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, त्याच दवाखान्यांपैकी एकात वॉर्डबॉय होते. ते येताना बातमी आणायचे, अमक्या खोलीत अथणीकडची माणसं आलीत, तमक्या खोलीत कोकणातली. आणि आत्या त्याप्रमाणं आमटीचं तिखट कमीजास्त करायची. मी पिठाचे गोळे करून देत असे. आज माझ्या घरी गॅसच्या शेगडीवर मी दोन भाकरी करते तेव्हा तो आवाज काही केल्या तसा येत नाही. परात तीच आहे, आत्याचीच आहे, तरी येत नाही.

मी आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीतली. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, घोडीवर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठाकडं निघत ते पावसाच्या तोंडावरच परत येत. आई मी चार वर्षांची व्हायच्या आत तापानं गेली. मला चुलतीनं वाढवलं, पुढं तालुक्याच्या वसतिगृहात राहून मी बारावी झाले, आणि मग आत्या येऊन म्हणाली, "हिला मी नेती. सांगलीला कालेज हाय, मिरजेवरनं बस हाय." आबांनी नुसती मान हलवली. अशी मी वनस्पतिशास्त्राकडं आले. त्यातही काही ठरवून नव्हतं. झाडांची नावं मला आधीपासून येत होती, एवढंच.

आईचा फोटो आमच्या घरात नव्हता. वाडीत कुणाच्याच घरी फारसे फोटो नव्हते, त्यामुळं लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. वसतिगृहात मुलींच्या पेट्यांमध्ये आयांचे फोटो दिसायला लागले तेव्हा वाटायला लागलं. मी आईचा चेहरा आठवायला बसायची आणि प्रत्येक वेळी चुलतीचाच यायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी झाडांचे नमुने गोळा करून वर्तमानपत्रात दाबून ठेवायचे होते. एका रविवारी मी जमिनीवर कागद पसरून बसले होते. आत्या तव्यावरची भाकरी उलटता उलटता माझ्याकडं बघून सहज म्हणाली, "तुझ्या आयनं बी आसाच पाला हातात धरला हुता, त्या सायबाच्या फोटूत."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. "फोटू? कुठला फोटू?"

"झाडपाल्याचा सायब आल्ता न्हवं? तू लय बारकी हुतीस, झोळीत. तीन दिस मेंढरांच्या वाड्यावर मुक्काम केला त्येनं. म्हाताऱ्या माणसास्नी इचारायचा, ह्यो पाला कशाला, त्यो कशाला. म्हातारी म्हणली, मला काय इचारतूस, सुनंला इचार, तिला समदं ठावं हाय. मग तुझी आय सांगायची आन् त्यो लिवायचा."

"आणि फोटो?"

"काढला की. पाला धरून हुबी केली तिला. छापून येणार म्हणला हुता. कशात ते काय आमाला कळलं न्हाई. पेपरात न्हवं म्हणला, मोठ्या शिकल्याली माणसं वाचत्यात त्येच्यात."

"नाव काय त्याचं?"

आत्यानं ती भाकरी पाटीत टाकून दुसरी तव्यावर टाकली. "मठ का काय आसं हुतं. कानडी मुलखातला हुता. मराठी मोडकंतोडकं."

एवढंच. पण त्या दिवसापासून माझं अभ्यासात लक्ष लागेना. जगात कुठंतरी, कशाच्या तरी पानावर, माझी आई छापलेली होती.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नियतकालिकांची एक वेगळी खोली होती. तिथं बर्वे सर बसत. वाईचे, अंगानं किरकोळ, उन्हाळा सोडून कायम बिनबाह्यांचा स्वेटर. मुलं त्या खोलीत नोकरीच्या जाहिराती बघायला जात. आतल्या कपाटांकडं कुणी फिरकत नसे. मी जाऊन त्यांना सांगितलं की मला एका साहेबानं छापलेलं काहीतरी हवंय, नाव पूर्ण माहीत नाही, वर्ष नक्की माहीत नाही, कशात आलं ते माहीत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे काहीच माहीत नाही."

"विषय माहीत आहे, सर. मेंढ्यांच्या औषधाचा झाडपाला."

"मग पुष्कळ माहीत आहे. बैस."

त्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि मला पहिल्यांदा जर्नल हातात दिलं. दिसायला अगदी रुक्ष, वर चित्र नाही, काही नाही. मला वाटलं होतं की हे मासिकासारखंच काहीतरी असेल. ते म्हणाले, "मासिकात संपादकाला आवडलं की छापतात. इथं तसं नाही. तू काही शोधलंस, लिहून पाठवलंस, की संपादक ते त्याच विषयातल्या दोघातिघांना पाठवतो. ते चुका काढतात, प्रश्न विचारतात, तू उत्तरं द्यायची, पुन्हा लिहायचं. कधी कधी वर्ष जातं. मग छापतात. वर्षभराच्या अंकांचा एक खंड. म्हणून लेख शोधायचा तर खंड, अंक आणि पान लागतं, समजलं?"

"हो सर."

"आणि वाचायला सुरुवात मागून करायची. शेवटी संदर्भांची यादी असते. या माणसानं कुणाकुणाचं वाचून हे लिहिलं ते तिथं कळतं. तुझा साहेब कुणाच्या तरी यादीत असणार. एकाच्या यादीतून दुसऱ्याकडं जायचं, दुसऱ्याच्या यादीतून तिसऱ्याकडं."

मी तशी जात राहिले. आमच्याकडं येणारी जर्नल्स बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतलीही काही मधेच बंद झालेली. दुपारची प्रॅक्टिकल्स संपली की मिरजेची बस मिळेपर्यंतचा वेळ मी त्या खोलीत काढायची. इंग्रजी जड जायचं. एकेका पानाला शब्दकोश चार वेळा उघडावा लागायचा. बर्वे सर मधूनच डब्यातली अर्धी पोळी कागदावर ठेवून माझ्यासमोर सरकवत आणि परत जागेवर जात. गूळतुपाची पोळी असायची. ती चव मी पुढं पुष्कळ ठिकाणी शोधली.

सात-आठ आठवडे गेले असतील. जनावरांच्या गावठी औषधांवरचा एक लेख होता, त्याच्या शेवटच्या यादीत बारीक टाइपात एक नाव दिसलं: हिरेमठ. पुढं लेखाचं शीर्षक, त्यात मेंढपाळ, दख्खन, वनस्पती असे शब्द. पुढं एका परदेशी जर्नलचं नाव, खंड, अंक, पान. मठ. मी तो अंक घेऊन सरांच्या टेबलाशी गेले. त्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हं. आता खरी पंचाईत."

पंचाईत अशी, की ते जर्नल आमच्याकडं नव्हतं. सरांनी चिठ्ठी दिली आणि मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. तिथं त्या जर्नलचे बांधीव खंड होते, निळ्या कापडाचे, सोनेरी आकड्यांचे, एका ओळीत. मी आकडे वाचत पुढं सरकले. माझ्या खंडाच्या आधीचा होता, पण माझा आणि त्यापुढचे दोन नव्हते. त्या वर्षी वर्गणी थांबली होती, तिथल्या बाईंनी सांगितलं. मी त्या रिकाम्या जागेत हात घालून पाहिला. फळीवर धूळ होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले. शेजारची म्हातारी "सासरला चाललीस का?" म्हणून विचारत राहिली.

मग सर मला सांगलीतल्या एका इंटरनेट कॅफेत घेऊन गेले. स्वतः त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. तिथल्या पोराला ते सांगत गेले आणि पोरगा टाइप करत गेला. त्या जर्नलचं पान उघडलं. लेखाचं शीर्षक होतं, हिरेमठांचं नाव होतं, खाली सात-आठ ओळींचा सारांश होता. त्या ओळींत आमच्या वाडीचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं. मी ते दोनदा वाचलं. खाली एक चौकट होती: पुढचं वाचायचं असेल तर परदेशी कार्डानं पैसे भरा. पोरगा म्हणाला, "पुढं कुलूप हाय, काका."

मला त्या चौकटीचा जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही. माझी आई त्या कुलपाच्या पलीकडं हातात पाला धरून उभी होती. तिनं जे सांगितलं ते फुकट सांगितलं होतं, वर साहेबाला तीन दिवस जेवू घातलं होतं.

सरांनी सारांशाखालचा पत्ता वहीत उतरवून घेतला. धारवाडकडच्या एका संस्थेचा पत्ता. बाहेर येऊन ते म्हणाले, "लेखकाला पत्र लिही."

"आपल्याला कोण देणार, सर?"

"देतात. लेख लिहिणाऱ्याला वाचणारा माणूस भेटत नाही, शालन. त्याला कुणी मागितलं की आनंद होतो. जुनी पद्धत आहे ही. त्यांच्याकडं सुट्या छापील प्रती असतात."

मी चार वेळा पत्र लिहिलं. सर खोडत गेले. मोठं लिहू नकोस. तू कोण, कुठला लेख, खंड, अंक, पान, आणि कशाला हवाय. कशाला हवाय या ठिकाणी मी 'अभ्यासासाठी' असं लिहिलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे खरं आहे का?" मी नकारार्थी मान हलवली. "मग खरं लिही." मी लिहिलं: लेखासाठी ज्या बाईचा फोटो तुम्ही काढला ती माझी आई असावी. ती आता नाही. आमच्याकडं तिचा फोटो नाही.

माझे आजचे विद्यार्थी साताऱ्याच्या कॉलेजात माझ्यासमोर मोबाइल धरतात, "मॅडम, हा पेपर उघडत नाही." मी त्यांना सांगते, आधी लेखकाच्या स्वतःच्या पानावर बघा, त्याच्या विद्यापीठाच्या संग्रहात बघा, पुष्कळदा तिथं मोकळी प्रत असते, नाहीतर आपल्या ग्रंथपालांना भेटा, ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात, आणि काहीच नाही जमलं तर लेखकाला चार ओळींची मेल टाका. पहिली तिन्ही ते करतात. चौथं करायला लाजतात. त्यांना वाटतं मोठा माणूस आपल्याला कशाला उत्तर देईल. मी तेव्हा त्यांच्यापुढं बर्वे सरांचं नाव घेते, पण नुसत्या नावानं त्यांना काय कळणार. स्वेटर, पोळी, हे कसं सांगायचं?

पत्राला उत्तर यायला दोन महिने लागले. हिरेमठ निवृत्त होऊन गावी गेले होते. संस्थेतल्या कुणी भल्या माणसानं पत्र तिकडं पाठवलं होतं. जाड खाकी पाकीट आलं. आत लेखाची सुटी छापील प्रत, त्यांच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स, आणि थरथरत्या अक्षरातलं इंग्रजी पत्र. मी आधी लेख उघडला. तिसऱ्या पानावर फोटो होता.

हात होता. नुसता हात. कोपरापासून पुढं, बोटांत झाडाची एक फांदी. मनगटात काचेच्या बांगड्या, त्यांच्या वरच्या बाजूला हातावर गोंदलेली चार टिंबं. पाठीमागं धुरकट काहीतरी, बहुतेक लुगड्याचा पदर. खाली झाडाचं शास्त्रीय नाव आणि 'स्थानिक माहितगाराच्या हातात' एवढंच. मी पान उलटून पाहिलं, पुढची सगळी पानं पाहिली. चेहरा नव्हता.

पत्रात त्यांनी लिहिलं होतं: मी तीन फोटो काढले. तिन्ही वेळा तुमच्या आईनं पदर तोंडावर घेतला, ती हसत होती. मी आग्रह केला नाही, कारण मला झाड हवं होतं. तुमचं पत्र आल्यापासून वाटतं, करायला हवा होता. तिचं नाव मी लेखात दिलं नाही. तेव्हा तशी पद्धत नव्हती, हे काही कारण नव्हे. माझ्या वहीत ते आहे. ती सांगे तसे मराठी शब्द मी माझ्या लिपीत उतरवले आहेत. ती पानं पाठवतो.

वहीची पानं कानडी लिपीत होती. मला एक अक्षर वाचता येईना. आत्या म्हणाली, "आगं, निम्मा दवाखाना कानडी माणसांचा हाय. चल." आम्ही भाकरीची पाटी घेऊन गेलो. अथणीकडची महादेवी म्हणून एक बाई सासऱ्याच्या ऑपरेशनसाठी आली होती, व्हरांड्यात चटई टाकून राहायची. आत्यानं तिच्यासमोर कागद धरला. ती आधी गोंधळली. "ह्ये कन्नड न्हाई. अक्षर कन्नड, बोलणं तुमचं."

"आसू दे. अक्षरं हायत तशी वाच."

ती बोट ठेवून वाचायला लागली, एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलीसारखी. "बा-य-डा-बा-ई." ते आईचं नाव. मग: "मेंढी कोकरू घेत न्हाई तवा ह्यो पाला चारायचा. मग घेती. आय मेल्यालं कोकरू बी दुसरी मेंढी घेती." महादेवीला अर्थ नीट लागत नव्हता, त्यामुळं ती भलत्याच ठिकाणी थांबत होती, पुन्हा मागं जात होती. त्या थांबण्यातून माझी आई बोलत होती. व्हरांड्यात स्ट्रेचर आलं म्हणून आम्ही पाय मागं घेतले, ते गेल्यावर ती पुढं वाचू लागली. शेवटची ओळ मात्र खरी कानडी होती. ती वाचून महादेवी थोडी हसली आणि मराठीत म्हणाली, "बाईचं लेकरू रडाय लागलं, म्हणून ती उठून गेली. काम हितंच थांबलं, म्हणतोय." आत्या माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं.

त्या वर्षी आबांचा तळ साताऱ्याच्या अलीकडं, कृष्णाकाठच्या एका शेतात पडला होता. ऊस तुटून गेलेलं रान, त्यात मेंढरं बसवलेली. मी बसनं उतरून बांधाबांधानं चालत गेले. सगळीकडं पाचटाचा वास होता, बांबूच्या डालग्याखाली कोंडलेली कोकरं ओरडत होती. आबांनी मला हुलग्याचं माडगं दिलं, ते मी प्याले. मग मी लेख काढून फोटोचं पान त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं.

ते पुष्कळ वेळ बघत राहिले. एका मेंढीनं येऊन कागदाला तोंड लावलं, तिला त्यांनी कोपरानं ढकललं.

"काकणं म्या आणल्याली," ते म्हणाले. "म्हसवडच्या जत्रंतनं."

मग त्यांनी फोटोखालच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. विचारलं, "खाली काय लिवलंय?" मी मराठीत सांगितलं: मेंढीचं दूध वाढावं, तिनं कोकराला पाजावं म्हणून हा पाला तिला चारतात, असं मेंढपाळ सांगतात.

"काय करत्यात?"

"चारतात."

आबा ताठ झाले. "कोण म्हणलं?"

"आईनं सांगितलं. त्या साहेबांच्या वहीत आहे तसं. पाला चारायचा."

"चारायचा न्हाई गं पोरी! ह्यो पाला मेंढीनं खाल्ला तर सांच्यापत्तर पोट फुगून मरंल. चोळायचा. कोकराच्या अंगाला चोळायचा, आन् मेंढीच्या नाकाला. लय उग्र वास आसतो. मग तिला आपलं कंचं आन् परकं कंचं कळत न्हाई. दोघांस्नी येकच वास. आसं आय मेल्यालं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावत्यात." ते थांबले. "ती चोळायचाच म्हणली आसंल. ती चुकायची न्हाई. त्येला चारायचा आयकू आलं."

एका शब्दाची चूक. पण ती छापली गेली होती, आणि ज्या लेखाच्या यादीतून मी इथवर आले होते त्यातही तीच चूक उतरली होती. मी त्या पाचटात बसून पहिल्यांदा घाबरले. उद्या कुणी हे वाचून खरंच मेंढ्यांना तो पाला घातला तर? आणि मरणाचा दोष ज्या बाईवर जाईल तिनं तर बरोबर सांगितलं होतं.

आबा म्हणाले, "त्येला कळीव."

मी हिरेमठांना लिहिलं. उत्तर आठवड्यात आलं, चारच ओळींचं. तुमचे वडील बरोबर आहेत. मला मराठी कमी येत होतं आणि मी पुन्हा विचारलं नाही. दुरुस्ती मी लिहू शकतो, पण ती तुम्ही लिहावी असं मला वाटतं. फोटो वापरायला माझी परवानगी.

लिहायला मला बराच काळ गेला. नुसतं आबा म्हणाले म्हणून कोण छापणार? पुढच्या दोन हंगामांत मी पाच वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायांना विचारलं, डोळ्यांदेखत कोकरं लावलेली पाहिली, झाडाचा नमुना दाबून पक्का ओळखून घेतला. (झाडाचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही. ते माझ्या लेखात आहे. ज्याला हवं त्यानं तिथं पुढंमागं सगळं नीट वाचून घ्यावं.) पहिल्या जर्नलनं लेख परत पाठवला. दुसऱ्याच्या परीक्षकांनी दीड पान प्रश्न विचारले, त्यांतले निम्मे प्रश्न मला बरोबर वाटले आणि मी पुन्हा वाडीला गेले. हे दुसरं जर्नल मी निवडलं ते एकाच कारणानं: ते कुणालाही, कुठंही, उघडून वाचता येत होतं. बर्वे सर तोवर निवृत्त होऊन वाईला गेले होते. लेख छापून आला तेव्हा मी त्यांना प्रत पाठवली. उत्तर त्यांच्या सुनेचं आलं, की बाबा गेल्याला तीन महिने झाले. ते कार्ड मी ठेवलं आहे. मला अजून वाटतं की परीक्षकांना उत्तरं द्यायला मी एवढा वेळ लावायला नको होता.

छापील लेख घेऊन मी वाडीला गेले तेव्हा आबांचं फिरणं थांबलं होतं. मेंढरं चुलतभावानं घेतली होती, थोडी विकली होती. आबा दारात घोंगड्यावर बसून असायचे. मी त्यांना कागद दाखवला, आईच्या हाताचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "ह्ये कुनाकुनाला वाचाय मिळंल?"

"कुणालाबी. पैसे पडत न्हाईत."

"मग वाच की."

"इंग्रजीत आहे, आबा."

"आसंना. वाच."

मी वाचायला लागले. ते एका बाजूला मान कलती करून ऐकत होते. त्यांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, तरी मी पद्धत, निरीक्षणं, सगळं वाचत गेले, काही गाळलं नाही. शेजारची दोन माणसं येऊन थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. शेवटी आभाराचा भाग आला. ही माहिती मुळात ज्यांनी दिली, आणि ज्यांचा हात चित्रात आहे, त्या, असं म्हणून मी नाव वाचलं.

आबांनी हात वर केला. "थांब. आता काय म्हणलीस?"

"बायडाबाई."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते समोरच्या माळाकडं बघत होते.

"परत म्हण," ते म्हणाले.